अधिक दोन

जुन्या टेपच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर पाच गाण्यांची यादी होती आणि चौथ्या गाण्यापुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘+२’. बाकी चार गाण्यांपुढे काही नाही. मी आणि माझा सहकारी, दोघांनीही त्याचा एकच अर्थ लावला आणि दुपारपर्यंत त्याच चुकीच्या अर्थावर काम रेटत राहिलो.

माझं काम जुन्या टेपवरून आवाज उतरवून घेण्याचं. एखादा गाजलेला अल्बम हाय-रेझोल्यूशनमध्ये पुन्हा निघाला की मुखपृष्ठावर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ असा शिक्का असतो, म्हणजे आवाजाचे सेकंदाला १,९२,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांत मोजलेला. त्या शिक्क्यामागे बहुतेक वेळा एका खोलीत टेप मशीनसमोर बसलेला माझ्यासारखा कोणीतरी असतो. हातात कापसाचा बोळा, त्यावर अल्कोहोल, समोर टेपवरचा आवाज वाचणारं हेड. दिवसाचा निम्मा वेळ पुसण्यात जातो.

हा अल्बम सत्तरच्या दशकाच्या अखेरचा. नाव सांगत नाही, कारण पुढे जे आहे त्यात कंपनीची थोडी फजिती आहे. काम सुरू झालं तेच एका फाइलवरून. कंपनीनं ‘मास्टर’ म्हणून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फाइल पाठवली आणि सोबत निरोप, की फक्त एकदा तपासून द्या. मी ती स्पेक्ट्रमवर, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे हे दाखवणाऱ्या आलेखावर, उघडली. २२ किलोहर्ट्झपर्यंत सगळं भरलेलं आणि त्याच्या वर कात्रीनं कापल्यासारखा काळोख. टेपवरून आलेला आवाज असा कापला जात नाही. तो वर विरळ होत जातो, आणि संगीत संपलं तरी टेपची खरखर पुढे चालूच राहते. सरळ कापलेली कड म्हणजे सीडी. सीडीचे नमुने सेकंदाला ४४,१००, त्यामुळे त्यात मावणारी सर्वांत वरची कंपनसंख्या त्याच्या निम्मी, २२,०५०. कोणीतरी सीडीवरचं घेऊन मोठ्या डब्यात ओतलं होतं.

कंपनीच्या बाई फोनवर म्हणाल्या, “पण फाइल ९६ चीच आहे ना? आमच्याकडे तसंच दिसतंय.”

“डबा ९६ चा आहे हो, आतला माल सीडीचा आहे. टेप शोधा.”

त्यांनी शोधल्या, हे त्यांचं मोठेपण. तीन आठवड्यांनी चार पेट्या आल्या. अल्बमच्या दोन बाजूंच्या मूळ मिक्सची, म्हणजे गळा आणि वाद्यं एकत्र करून बनवलेल्या टेपची, दोन रिळं आणि तबकडी कापण्यासाठी केलेल्या नकलेची दोन. या कटिंग कॉपीबद्दल थोडं सांगायला हवं. एलपीची खाच कापताना काही पथ्यं पाळावी लागतात. खर्ज दोन्ही बाजूंना वेगवेगळा असेल तर सुई उडू शकते, म्हणून तो मधोमध आणायचा. ‘स’ आणि ‘श’ फार तीक्ष्ण असतील तर थोडे दाबायचे. हे सगळं करून एक वेगळी टेप बनवली जायची. सीडी आल्या तेव्हा घाईघाईत अनेक अल्बम याच नकलांवरून उतरवले गेले, आणि तबकडीसाठी केलेली पथ्यं, जी सीडीला लागतच नव्हती, तीही सोबत आली. सुरुवातीच्या सीडी कोरड्या वाटतात म्हणून लोक डिजिटलला शिव्या घालतात, त्यातल्या कित्येक खरं तर चुकीची टेप उचलणाऱ्याला घालायला हव्यात.

मिक्सची रिळं चिकट झाली होती. त्या काळातल्या बऱ्याच टेपांचं हे दुखणं आहे. चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा थर हवेतली आर्द्रता शोषतो, सुटायला लागतो आणि टेप हेडवरून जाताना कुईं कुईं करत तपकिरी चिखल मागे ठेवते. तशीच चालवली तर गाणं हेडवर राहतं आणि टेप कोरी होत जाते. उपाय ऐकायला विचित्र आहे: भाजायची. ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास, आठ तास किंवा जास्त, मग तितकाच वेळ निवू द्यायची. त्यानंतर काही आठवडे टेप शहाण्यासारखी चालते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी रात्रभर झोपलो नव्हतो. आता झोपतो, पण गजर लावून.

तर तो दिवस. सकाळी हेड पुसली, चुंबकत्व काढलं, रिळाच्या सुरुवातीचे तपासणीचे सूर वाजवून मशीन त्या टेपशी जुळवून घेतलं. भाजल्यावर जुन्या जोडांचा गोंद वाळतो. पहिल्या आणि दुसऱ्या गाण्यामधला जोड चालता चालता सुटला आणि टेपचं शेपूट हवेत फडफडायला लागलं. सहकाऱ्यानं धावत मशीन थांबवलं. नवी पट्टी लावली, पुढचे सगळे जोड आधीच तपासले. अकरापर्यंत पहिली बाजू उतरवून झाली.

ऐकायला बसलो. सीडीवर जे ढोलकं पुठ्ठ्याचं वाटायचं, त्याला कातडं होतं. गायिका ओळ सुरू करण्याआधी श्वास घेते, तो इथे पुरा ऐकू येत होता. हे १९२ किलोहर्ट्झमुळे नव्हे, हे कबूल करायला हवं. त्या टेपची स्वतःची खरखरच इतकी होती की बिट मोजायचे झाले तर बाराच्या आसपास पुरले असते. सीडीचे सोळाही तिला जास्तच. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी छापून आली होती. हाय-रेझोल्यूशन तबकड्यांच्या वाटेत गुपचूप सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला आणि लोकांना विचारलं, फरक कळतो का? ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं ४९.८ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. पण त्याच लेखकांनी हेही नोंदवलं होतं की या तबकड्या एरवीच्या सीडींपेक्षा चांगल्या वाजतात, कारण त्या जास्त काळजीनं बनवलेल्या असतात. २०१६ मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून केलेल्या पाहणीत थोडा फरक कळतो असंही निघालं, त्यामुळे भांडण मिटलेलं नाही. मी १९२ ला उतरवतो याचं कारण साधं आहे. टेप पुन्हा भाजायची वेळ कोणावर येऊ नये. चाळीस मिनिटांच्या अल्बमला पावणेतीन गिगाबाइट लागतात, लागू देत.

मग ते ‘+२’. कागद कटिंग कॉपीच्या पेटीतला. अर्थ उघड वाटला, चौथं गाणं दोन डेसिबल वर. त्या काळी गाण्यागाण्यांमधली पातळी नकलेतच सारखी करत. सहकाऱ्यानं दोन डेसिबल चढवले. गाणं अंगावर आलं.

“हे असं नसणार,” मी म्हणालो. “सीडी लाव शेजारी.”

त्यानं सीडीवरचं गाणं आणि आपलं, दोन्ही पडद्यावर एकाखाली एक लावली, पहिला ठोका जुळवला आणि आलटूनपालटून ऐकवायला लागला. पातळी तपासायची होती. शेजारच्या गाण्यांच्या तुलनेत सीडीवरचं चौथं गाणं आमच्या टेपइतक्याच पातळीवर होतं, दोन डेसिबल कुठेच नाहीत. पण मिनिटभरात दुसरंच काही कळलं. सीडी पुढे पळत होती. कडव्यापाशी सेकंदभराचं अंतर, आणि शेवटी आमचं गाणं ४ मिनिटं १० सेकंदांचं, तर सीडीवरचं ४ मिनिटं ५ सेकंदांचं.

“सर, आपलं मशीन हळू चालतंय का?” त्याचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार.

तिसरं आणि पाचवं गाणं लावून पाहिलं. दोन्ही सीडीशी जुळली. मशीन ठीक होतं. फक्त चौथं गाणं टेपवर दोन टक्के सावकाश आणि तेवढंच खाली, अर्ध्या सुरालाही कमी, पण एकदा कान लागला की सुटत नाही असं. कटिंग कॉपीचं रीळ चढवलं. तिच्यावर ते सीडीसारखंच, चढं.

आता खरं कोणतं? या धंद्यात प्रत्येकाला एक गोष्ट पाठ असते. जाझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमची पहिली बाजू २ मार्च १९५९ ला ध्वनिमुद्रित झाली तेव्हा मुख्य मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे नीट गतीच्या मशीनवर ती टेप चढ्या सुरात वाजायची. लोक तीस वर्षांहून अधिक काळ तीन रचना चढ्या सुरात ऐकत होते आणि त्यांवर सूर लावून शिकतही होते. दुसऱ्या मशीनवरची टेप वापरून १९९२ च्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली. असं काही हाती लागलं की आपणही इतिहास दुरुस्त करतोय असं वाटायला लागतं, आणि हात शिवशिवतात.

पियानो तपासला. त्याचा ‘ए’ हा सूर सहसा ४४० हर्ट्झला लावतात. मिक्सच्या टेपवर तो ४४० च्या जवळ, सीडीवर ४४९ च्या आसपास. पण पियानो त्या दिवशी उतरलेला असू शकतो, तो साक्षीदार कच्चा. मग सहकाऱ्यालाच एक जागा सापडली. गाणं सुरू होण्याआधी दोन सेकंद गिटारचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमीजास्त करणारी पट्टी) उघडतो आणि ॲम्प्लिफायरची गुणगुण येते, भुंगा खोलीत शिरावा तशी. ती विजेची. ज्या देशात हे गाणं ध्वनिमुद्रित झालं तिथली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे त्या खोलीतलं घड्याळच टेपवर उमटलेलं होतं, फक्त वाचायचं बाकी होतं.

दोन सेकंदांच्या तुकड्यात ५० आणि ५१ नीट वेगळे दिसत नाहीत. म्हणून त्याच गुणगुणीचे वरचे पट पाहिले, ५० च्या तिप्पट आणि पाचपट. मिक्सच्या टेपवर १५० आणि २५०. सीडीवर १५३ आणि २५५. कटिंग कॉपीवरही १५३ आणि २५५. आमच्या मशीनची स्वतःची गुणगुण यात मिसळत नाहीये ना, म्हणून फेडर उघडण्याआधीचा तुकडाही पाहिला. तिथे काहीच नव्हतं. विजेची कंपनसंख्या थोडी इकडेतिकडे डुलते हे खरं, पण इथे एकच वादन दोन टेपांवर होतं, आणि फरक दोन टक्क्यांचा होता. थेट दोन.

सहकारी कागदाकडे बघत म्हणाला, “सर, +२.”

डेसिबल नव्हे, टक्के. नक्कल करताना कोणीतरी गतीचं बटण मुद्दाम फिरवलं होतं.

अल्बमचे मूळ रेकॉर्डिस्ट हयात होते. कंपनीकडून त्यांचा नंबर मिळाला. त्यांना ते गाणं आठवलं, गायिका आठवली, त्या दिवशी बंद पडलेला माइकसुद्धा आठवला. ‘+२’ आठवलं नाही. “पण डेसिबल असते तर मी डीबी लिहिलं असतं,” ते म्हणाले. “नुसता आकडा मी गतीला लिहायचो. शेवटी ऐकताना गाणं रेंगाळतंय असं वाटलं तर तेवढंच हातात असायचं. पुन्हा मिक्स करायला पैसे कोण देणार?” मग विचारलं, “तुम्ही कोणत्या मशीनवर वाजवताय?” मी सांगितलं. पुढची वीस मिनिटं आम्ही मशीनबद्दलच बोललो.

संध्याकाळी कंपनीच्या बाईंना सगळं सांगितलं. मी चूक सांगतोय असं मला वाटत होतं, त्यांना ती लॉटरी वाटली. “म्हणजे मूळ गतीत प्रथमच! हे तर मुखपृष्ठावरच टाकू.”

मी नाही म्हटलं. गती कमी असलेलं गाणं ही टेपवरची अवस्था आहे, अल्बमवरची नाही. ज्यांनी तो बनवला त्यांनी ऐकलं, त्यांना ते रेंगाळलेलं वाटलं, त्यांनी दोन टक्के चढवलं आणि मग तबकडी कापली. डेव्हिसच्या बाबतीत मशीन चुकलं होतं, इथे माणसानं निवड केली होती. “तुमचा ग्राहक हे गाणं पाठ असलेला आहे. त्याला ते झोपाळलेलं वाटेल, आणि तो म्हणेल हाय-रेझोल्यूशननं गाण्याचा जीव काढला.”

“पण तुम्हीच म्हणालात ना, मूळ टेपकडे जायचं?”

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. कटिंग कॉपीतला खर्ज मी टाकून देत होतो आणि तिच्यातली गती ठेवत होतो. म्हणजे मी निवडतच होतो. बराच वेळ घोळत म्हणालो, की खर्ज कापला तो सुईसाठी, गती वाढवली ती गाण्यासाठी. आज सुई नाही, गाणं आहे. बोलल्यावर मलाच पटल्यासारखं वाटलं. बाईंना पूर्ण पटलं नसावं. तडजोड अशी झाली की सावकाश चालणारं गाणं अल्बमच्या शेवटी, जादा म्हणून, वेगळ्या नावानिशी.

दुसऱ्या दिवशी मिक्सचं रीळ पुन्हा चढवलं. गती संगणकावरही वाढवता आली असती, पण टेप भाजलेली होती, चालत होती, आणि मशीनला ते बटण होतंच. सहकाऱ्यानं आकडा लावला. तिसऱ्या गाण्यानंतरच्या पांढऱ्या लीडरवर, म्हणजे दोन गाण्यांमधल्या कोऱ्या पट्टीवर, थांबून त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. फेडर उघडला, भुंगा आला आणि गाणं सुरू झालं. संपल्यावर त्यानं न सांगता त्या दोन सेकंदांचा तुकडा कापून पडद्यावर मोठा केला. १५३ वर एक बारीक रेघ, २५५ वर दुसरी.

त्यानं फाइलच्या नोंदीत लिहिलं, ‘गाणं ४ : गती +२ टक्के’. मी ‘टक्के’च्या खाली रेघ मारायला सांगितलं.