ओट्याचा तुकडा घेता का?

क्वार्ट्झच्या ओट्याचा तुकडा मी का घेत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ओट्याच्या उरलेल्या तुकड्यांतून मी कानातली, पेनं, भोवरे, उदबत्तीची घरं करते हे कळलं की समोरचा हमखास म्हणतो, "आमचा ओटा नुकताच नवा केलाय. सिंकसाठी कापलेला तुकडा गॅलरीत पडलाय, घेता का?" कोरियन असेल तर मी घेते, कडप्पाही घेते. क्वार्ट्झ म्हटलं की नको म्हणते. मग लोक चक्रावतात. सगळ्यांत महागाचा तोच, आणि तोच नको?

कोरियन मुळात दगडच नाही. ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीने 1960च्या दशकात काढलेला हा माल, कोरिया देशाशी त्याचा संबंध नाही. आता बऱ्याच कंपन्या तसा करतात आणि आपले सुतार सगळ्यालाच कोरियन म्हणतात. त्यात अ‍ॅक्रिलिक असतं आणि त्याहून बरंच जास्त अ‍ॅल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड, म्हणजे पित्तावरच्या पांढऱ्या पातळ औषधात असतं तेच. सुताराच्याच हत्यारांनी ते कापता येतं, पातं मात्र कार्बाइडचं हवं. लाकडाची रेषा बघावी लागते, इथे ती भानगड नाही. लेथवर, म्हणजे तुकडा गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लावलं की ओलं खोबरं किसल्यासारखा पांढरा कीस पडतो आणि बाहीला असा चिकटतो की झटकून जात नाही. मास्क इथेही लागतोच. तक्ता साधारण 12 मिलिमीटर जाडीचा, भोवऱ्याला तेवढा पुरत नाही. म्हणून काळे-पांढरे थर एकावर एक चिकटवायचे. भोवरा फिरला की पट्टे दिसतात. ओव्हनमध्ये 160 अंशांच्या आसपास तापवलं तर पट्टी चक्क वाकते. जाड हातमोजे घालून साच्यावर दाबायची आणि गार होईपर्यंत सोडायची नाही. गडद रंग वळणावर पांढुरका पडतो, म्हणून वाकवायच्या वस्तूंना मी फिकाच तुकडा घेते. मग पॉलिशपेपर, खरखरीतपासून बारीकपर्यंत: 240, 400, 800, शेवटी पाणी लावून 1500. घाईत मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे पॉलिश झाल्यावर उठून दिसतात.

कडप्पा मात्र खरा दगड. आंध्रातल्या त्याच नावाच्या जिल्ह्यातला, चुनखडीच्या जातीचा. त्यावर लिंबू पिळून ठेवलं की राखाडी डाग पडतो, हे कडप्प्याच्या ओट्यावर स्वयंपाक केलेल्या कुणालाही सांगायला नको. त्याचे थर सुटतात, कडा उडतात. त्यामुळे नाजूक काही करायला जायचं नाही. उदबत्तीचं घर, पेपरवेट, कुंडीखालची चकती एवढंच. कापताना पात्यावर पाण्याची धार हवी. शेवटी तेलाचा हात फिरवला की काळाभोर होतो. मला स्वतःला कोरियनच्या गुळगुळीतपणापेक्षा तोच आवडतो, पण विकलं जातं कोरियन.

आता क्वार्ट्झ. कारखान्यात दगडाचा चुरा रेझिनमध्ये दाबून हे तक्ते करतात आणि त्यात बहुधा नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका, म्हणजे वाळूत असते तीच, असते. ओटा म्हणून वापरायला त्यात काहीच धोका नाही. धोका आहे तो कापताना, घासताना, भोक पाडताना उडणाऱ्या धुळीचा. त्यातले डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. आपल्याकडे गुजरातेतल्या खंबातचे अकीक नावाचे रंगीत खडे घासणारे कारागीर आणि मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार याच रोगाने गेले. ऑस्ट्रेलियाने तर 1 जुलै 2024 पासून असे तक्ते बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. माझं काम घराच्या गच्चीवर, शेजारच्यांचे कपडे तिथेच वाळत असतात. साध्या कापडी मास्कने हे भागत नाही, आणि कानातल्यांच्या एका जोडासाठी धुळीचा एवढा बंदोबस्त करायचा कशाला? ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, त्यामुळे तेही मी कापत नाही.

तेव्हा क्वार्ट्झचा तुकडा असेल तर मला देऊ नका, आणि दुसऱ्या कुणाला कापायलाही देऊ नका. आहे तसाच चौकोनी राहू द्या, खाली चार रबरी बुटं चिकटवा आणि मिक्सरखाली ठेवा. कोरियन असेल तर फोन करा, मी न्यायला येते.