1973 ची राज्यघटना

माझ्या अशील असलेल्या एका आजींची उच्च न्यायालयातली रिट याचिका लिहिताना मालमत्तेच्या हक्कासाठी मी राज्यघटनेचा एकच अनुच्छेद लावला होता, 300अ. आम्ही वकील सवयीने तोच लावतो. बहात्तरच्या दुष्काळातलं काम म्हणून त्यांच्या शेतातून रस्ता गेला. नोटीस नाही, निवाडा नाही, मावेजा नाही. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र आजही पूर्ण.

सुनावणीच्या सकाळी सरांनी, म्हणजे माझ्या ज्येष्ठ वकिलांनी, याचिका चाळली आणि विचारलं, "जमीन गेली कधी?"

"त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात."

"मग त्र्याहत्तरची घटना लाव. 300अ तेव्हा होतं कुठे?"

मी गप्पच झाले. मालमत्तेचा हक्क आता मूलभूत नाही, हे कॉलेजपासून पाठ होतं. पण तो 44 व्या दुरुस्तीने 20 जून 1979 ला गेला आणि त्याच्या जागी 300अ आला. आजींच्या शेतात मुरूम पडला तेव्हा तो जिवंत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सरांनी कपाटातून जुनी प्रत काढली. मालमत्ता बाळगण्याचं स्वातंत्र्य तेव्हा 19 व्या अनुच्छेदातही होतं, पण त्यावर त्यांनी लगेच काट मारली, कारण डिसेंबर 1971 च्या आणीबाणीमुळे तो तेव्हा स्थगित होता. उरला मालमत्ता काढून घेण्याविषयीचा 31. त्याच्या दुसऱ्या खंडातून 'नुकसानभरपाई' हा शब्द 25 व्या दुरुस्तीने 1972 मध्येच काढला होता आणि तिथे नुसती 'रक्कम' आली होती. सरकार त्यावरच बोट ठेवेल अशी भीती मी बोलून दाखवली. सरांनी पहिल्या खंडावर बोट ठेवलं: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. हा खंड कोणत्याच दुरुस्तीने हलवला नव्हता, आणि आमच्या प्रकरणात तर सरकारपाशी कायद्याचा एक कागदही नव्हता.

मग त्यांनी 31अ चं परंतुक, म्हणजे त्यातली अपवादाची अट, वाचून दाखवलं. 1951 च्या पहिल्याच दुरुस्तीने हा अनुच्छेद आणला तो जमीनदारी मोडण्यासाठी. पण 1964 च्या 17 व्या दुरुस्तीने त्यातच लिहिलं, की स्वतः कसणाऱ्याची जमीनधारणेच्या कमाल मर्यादेतली जमीन घ्यायची तर बाजारभावापेक्षा कमी मोबदला चालणार नाही. दुरुस्ती कोणाविरुद्ध होती आणि कोणाला सांभाळत होती, हे त्या चार ओळींत स्पष्ट होतं. मला त्या सकाळी स्वतःचा रागच आला. इतकी वर्षं मी दुरुस्त्यांचे नुसते क्रमांक पाठ केले होते.

कोर्टात सरकारी वकिलांनी दोन मुद्दे मांडले, विलंब आणि तोंडी संमती. "गावकऱ्यांनी स्वतःच त्या रस्त्यावर काम केलं," ते म्हणाले.

आजी मागच्या बाकावर होत्या. मी वळून पाहिलं तर त्या मान हलवत होत्या. खरंच होतं ते. पहिल्या भेटीतच त्यांनी मला सांगितलं होतं, "ताई, आमच्याच रानात आम्ही खडी फोडली. लेकरं उपाशी होती."

सरांनी ते वाक्य जसंच्या तसं कोर्टापुढे ठेवलं. दुष्काळात मजुरीला जाणं ही जमीन देण्याची संमती कशी, एवढंच विचारलं. पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा हिमाचलचा निकाल दिला. तिथेही विधवा बाई, 1967-68 मध्ये रस्त्यात गेलेली जमीन आणि सरकारचा तोच तोंडी संमतीचा बचाव. न्यायालयाने जमीन गेली त्या काळचा 31 वा अनुच्छेद पाहिला होता आणि विलंबाची सबब फेटाळली होती.

न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना दोनदा विचारलं, "संपादनाचा एखादा कागद?" उत्तर आलं नाही. संयुक्त मोजणी करून मावेजा ठरवण्याचा आदेश झाला.

मोजणीला मी मुद्दाम गेले. भूकरमापक नकाशा धरून उभा होता. आजी डांबरावर चालत मध्यापर्यंत गेल्या, थांबल्या आणि काठी आपटून म्हणाल्या, "बांध इथं होता."