द्रुत लेबलापाशी येते

ख्याल आणि एलपी (लाँग प्ले रेकॉर्ड) यांचं मुळातच पटत नाही, असं माझं मत होत चाललं आहे. दोष दोघांचाही नाही. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे एकाच चालीने घेते, पण बाहेरचा फेरा मोठा आणि लेबलाजवळचा लहान. त्यामुळे सुरुवातीला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते आणि बाजू संपताना जेमतेम 21. म्हणजे गवई निवांत असतो, विलंबित (संथ लयीतला भाग) मांडत असतो, तेव्हा त्याला ऐसपैस जागा. आणि द्रुत (जलद लय) सुरू झाली, ताना सुटल्या, तबलजीचे हात मोकळे झाले, की जागा निम्म्याहून कमी. रात्री दहाला इंदूरच्या सराफ्यात, खाऊच्या गर्दीत, माणसं चालतात तसे सूर एकमेकांना खेटून जातात. भावगीतांच्या रेकॉर्डला हे फारसं नडत नाही. शेवटचं गाणं जरा दबलेलं वाजतं, एवढंच. ख्यालाची मात्र सगळी चढण त्या शेवटच्या अर्ध्या इंचात असते.

इंदुरात राहून ख्यालगायक अमीर खाँसाहेबांना टाळता येत नाही. त्यांची मारवा-दरबारीची एलपी (एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी) आमच्या रामबागेतल्या घरात बाबांच्या वेळेपासून आहे. झुमरा तालातला तो अतिविलंबित कुठल्याही सुईवर बरा वाजतो. खर्जात सूर लावून माणूस उभा आहे, घाई कोणालाच नाही. खरी परीक्षा सरगम आणि ताना सुरू झाल्यावर. कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी डबी, नीट बसवलेली नसली की गाण्यातल्या आ-काराला काटे फुटतात, ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे येतात, आणि आपण उगाच खाँसाहेबांचा आवाज वरच्या सप्तकात पातळ व्हायचा असं ठरवून मोकळे होतो.

बाबांच्या काळी याचा फार विचार नव्हता. एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता, त्याची जाड सुई होती, आणि रेकॉर्ड एकाच जागी अडकली की आर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, डोक्यावर पाच पैशाचं नाणं. नाणं ठेवलं की रेकॉर्ड पुढे सरकायची, आणि थोडी खरवडलीही जायची. तरी माणसं ऐकायची आणि दादही द्यायची.

मी मात्र या भानगडीत पडले, आणि पडले ती भूमितीत. रेकॉर्ड कापणाऱ्या यंत्राचं टोक बाहेरून मध्याकडे सरळ रेषेत जातं. आपला आर्म एका बाजूला खिळलेला, तो कमानीत फिरतो. साहजिकच सुई बहुतेक वेळ खाचेत किंचित तिरकी असते. आर्मचं डोकं वाकडं ठेवून आणि सुई मधल्या खुंटीच्या थोडी पुढे जाईल अशी बसवून हा तिरकेपणा कमी करता येतो. पण अख्ख्या बाजूवर तो शून्य होतो फक्त दोन ठिकाणी. ती दोन ठिकाणं कुठे असावीत यावर शहाण्या माणसांनी डोकी शिणवली आहेत. लोफग्रेन यांनी 1938 साली गणित मांडलं, बेअरवॉल्ड यांनी 1941 साली त्याच वाटेने तेच उत्तर काढलं: केंद्रापासून 66 आणि 120.9 मिलिमीटर. पुढे 1966 साली स्टीव्हन्सन यांनी आतलं ठिकाण थेट शेवटच्या खाचेवर, 60.3 मिलिमीटरवर नेलं.

जाणकार बहुतेक बेअरवॉल्डच्या बाजूचे. सरासरी चूक त्यात कमी, हे खरंच आहे. पण सरासरीने गाणं ऐकत नाहीत. स्टीव्हन्सनच्या मापात मधल्या पट्ट्यात चूक थोडी वाढते, आणि मधल्या पट्ट्यात आमचा विलंबित चालू असतो, जागाही पुरेशी असते, तो सोसतो. द्रुतला नाही सोसवत. म्हणून ख्यालाच्या रेकॉर्डांसाठी माझा कौल स्टीव्हन्सनला. सिनेमाच्या गाण्यांचीच कपाटं भरलेल्यांनी खुशाल बेअरवॉल्ड लावावं.

मत मांडणं सोपं, कार्ट्रिज बसवणं जिकिरीचं. जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा अंथरायचा, कारण ते स्क्रू एवढे बारीक की फरशीवर पडले तर केरातच सापडायचे. मग चार तारा, केसासारख्या: लाल-हिरवी उजव्या बाजूची, पांढरी-निळी डाव्या बाजूची. चिमट्याने धरून एकेक टोपी पिनेवर सरकवायची, श्वास रोखून. आरशाच्या मापपट्टीवर सुई ठेवायची, भिंग लावून बघायचं, कार्ट्रिजच्या कडा छापलेल्या रेघांना समांतर आहेत ना. आहेत. आता स्क्रू आवळायचे. उजवा आवळला की कार्ट्रिज डावीकडे केसभर वळतं, डावा आवळला की परत. यावर उपाय एकच: दोन्ही आळीपाळीने, पाव-पाव फेरा. ह्या वेळी घरात कोणी दार आपटलं तर मी काय बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुई रेकॉर्डवर किती वजनाने टेकावी, ते तसं सोपं. माझ्या कार्ट्रिजला कंपनी 1.8 ते 2.2 ग्रॅम सांगते. हलकं ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते, असा एक गोड गैरसमज सगळीकडे आहे. उलट हलकी सुई जोरदार तानेला खाचेची भिंत सोडते, पुन्हा आदळते, आणि तेच जास्त नुकसानीचं. मी दोनच्या खाली येत नाही. हे मोजायला वजनकाटा हवा म्हणून सराफ्यात गेले, दिवसा, चाटच्या गाड्या लागायच्या आधी. दुकानदाराने विचारलं, “दीदी, सोना तौलोगे कि चांदी?” म्हटलं, सुई. त्याने वर बघितलं. “हीरे की है,” असं सांगितल्यावर मात्र तो एकदम खुर्चीत सावरून बसला आणि कॅरेट विचारलं. हिरा खरा आहे हे शपथेवर सांगितलं. विकायचा झाला तर काय येईल, या प्रश्नाला मी बगल दिली. काटा चांगला निघाला, शंभरांश ग्रॅम दाखवतो. फक्त पाळं लोखंडाचं नाही ना, हे आधी चुंबक लावून बघून घ्यावं. कार्ट्रिजमध्ये लोहचुंबक असतो, लोखंड दिसलं की ओढ घेतो आणि आकडा खोटा येतो.

राहिलं अँटी-स्केटिंग, म्हणजे आर्मला बाहेरच्या बाजूला दिलेली हलकी ओढ. फिरत्या रेकॉर्डवर आर्म आपोआप मध्याकडे ओढला जातो. सुई खाचेच्या आतल्या भिंतीवर रेलते, उजव्या बाजूचा आवाज धरणारी बाहेरची भिंत सुटते, म्हणून आधी उजवा स्पीकर फाटतो. वजनाएवढाच आकडा लावून सुरुवात करावी आणि द्रुतला कान द्यावा. एचएमव्हीच्या लेबलावर क्रमांकाआधी ‘ईएएलपी’ असेल तर रेकॉर्ड मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असलं तर दाबावं. सुईच्या वर-खाली हलण्यातून येणारी चरचर बरीचशी तिथेच गळून पडते. बाकीची चरचर धुळीची. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरातसुद्धा दोन बाजू वाजल्या की सुईखाली कापसाचा गोळा हजर असतो.

एवढं सगळं करूनही मारव्याच्या शेवटच्या मिनिटात एक खरखर राहतेच. ती माझी नव्हे, फिएस्टाची. जाड सुईने आतल्या खाचा आधीच घासल्या आहेत. मायक्रोलिनियर घडणीची सुई घेतली तर ती भिंतीच्या न घासलेल्या भागाला जाऊन भिडण्याची आशा असते. माझं कार्ट्रिज न बदलता नुसती सुई बदलून ती बसते, म्हणून सध्या डोळा तिच्यावर आहे.

नवऱ्याचं म्हणणं, सीडी लाव की. सीडीत हा प्रश्न नाही हे मला मान्य आहे. ती आतून बाहेर वाचली जाते आणि खालून सरकणारा वेग सगळीकडे सारखाच राहतो. पण मुद्दा असा की रेकॉर्डसुद्धा आतून बाहेर वाजू शकली असती. फ्रान्सच्या पाथे कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्या तशाच होत्या, लेबलापासून सुरू होऊन कडेला संपणाऱ्या. तीच पद्धत टिकली असती तर विलंबित गल्लीत आणि द्रुत मैदानात, असं ख्यालाच्या मनासारखं झालं असतं. हे सगळं मी त्याला जेवताना समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग तू विलंबितासाठी रडली असतीस. पोळी वाढ.”