महाधमनीतील स्टेंट ग्राफ्टच्या दुरुस्तीसाठी सातारा ते पुणे

मामांच्या पोटातील महाधमनीला आलेल्या फुगवट्यावर काही वर्षांपूर्वी जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार असलेली कृत्रिम नळी) बसवला होता. यंदाच्या सीटी स्कॅनमध्ये तो फुगवटा आकसण्याऐवजी वाढलेला दिसला, म्हणून आम्ही पुण्याच्या व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे गेलो. अंतर सुमारे ११० किलोमीटरच असले, तरी खंबाटकी घाट आणि कात्रज यांचा भरवसा नसतो. सकाळच्या ओपीडीसाठी आदल्या दिवशीच पोहोचावे. एसटीने आल्यास स्वारगेटहून मेट्रो मिळते, पण रुग्ण सोबत असेल तर गाडीच बरी.

सर्जनांनी सर्वप्रथम जुन्या शस्त्रक्रियेची टिपणे मागितली. ग्राफ्ट कोणत्या कंपनीचा, किती मापाचा आणि त्याला धरून ठेवणारे हुकासारखे आकडे मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वर रुतवलेले आहेत की खाली, यावर पुढचे सगळे ठरते. छापील अहवालाने भागत नाही. सगळ्या स्कॅनच्या सीडी न्याव्यात.

ग्राफ्टचे वरचे टोक आणि धमनीची भिंत यांच्यामधून झिरपणारी पांढरी रेघ त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवली. पाठीकडच्या बारीक शाखांतून रक्त उलटे येत असेल आणि फुगवटा वाढत नसेल, तर बहुधा नुसते लक्ष ठेवतात. टोकाशी गळती असली की रक्ताचा पूर्ण दाब फुगवट्यावर येतो आणि तो फुटू शकतो. वर आणखी एक कफ, म्हणजे ग्राफ्टचा आखूड जोडतुकडा, बसवण्याइतकी निरोगी भिंत उरली नव्हती, त्यामुळे पोट उघडणे भाग होते.

रुतलेले आकडे ओढून काढल्यास भिंत फाटते. म्हणून सिरिंजची नळी कापून ती ग्राफ्टवर सरकवतात, म्हणजे आकडे मिटून आत येतात. जंतुसंसर्ग असल्यास सहसा संपूर्ण ग्राफ्ट काढावा लागतो. मामांना तो नव्हता, त्यामुळे खालचा घट्ट बसलेला भाग ठेवून त्याला नवी कृत्रिम नळी शिवली. मूत्रपिंडांच्या वर महाधमनीला चिमटा लावला की तेवढा वेळ त्यांचा रक्तपुरवठा थांबतो. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डायलिसिसची शक्यता स्पष्ट विचारावी. हा प्रश्न विचारायला नातेवाईक उगाच संकोचतात.

रक्तदाते आधीच ठरवून ठेवावेत. मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः मेटफॉर्मिन, आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांच्या कामाची रक्तचाचणी) ताजा अहवाल यांविषयी कॉन्ट्रास्ट सीटीपूर्वीच (शिरेतून औषध टोचून केलेल्या स्कॅनपूर्वी) सांगावे. राहण्याची खोली रुग्णालयापासून चालत जाण्याजोगी घ्यावी, कारण आयसीयूत भेटीची वेळ थोडी असते आणि बोलावणे केव्हाही येते.

परतीच्या प्रवासात पोटाशी उशी धरून बसवावे आणि घाटाआधी थांबून थोडे चालवावे. ग्राफ्ट असलेल्या रुग्णाच्या पोटात वा पाठीत अचानक तीव्र कळ येऊन घेरी आली, तर पुण्याची वाट धरू नये. १०८ ला फोन करून जवळचे मोठे रुग्णालय गाठावे आणि ग्राफ्टची माहिती पहिल्याच वाक्यात सांगावी. एक पाय एकाएकी गार आणि फिकट पडला, तरीही हेच करावे.