मोनेची गंजी आन आपली गंजी

कलेच्या इतिहासाचा पेपर म्हटलं की आमच्याकडची पोरं घोकायलाच बसतात, रेनेसाँ झालं की बरोक, मग रोकोको, मग रोमँटिक, वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद, घनवाद, रेल्वेच्या स्टेशनांसारखी नावं एकामागं एक. संध्याकाळी माझ्याकडं गावातली पोरं बसतात, कोणी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेवालं कोणी एटीडीची (चित्रकला शिक्षकाच्या पदविकेची) तयारी करणारं, त्यांना मी एकच सांगतो की भाऊ सन मागून पाठ कर, आधी दोन गोष्टी पाह्य. चित्रात माणूस कोण आहे आणि काढणारा उभा कुठं आहे. बस. सगळे वाद त्यातून सुटतात.

मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ सिस्टिन चॅपेलचं, म्हणजे व्हॅटिकनमधल्या पोपच्या प्रार्थनाघराचं, छत रंगवलं ते पोपच्या हुकमावरून. चित्रात देव, संदेष्टे, बायबलातली माणसं. पुढं शेकडो वर्षं मोठं चित्र म्हणजे संत, राजे, ग्रीक देव नाहीतर लढाया. शेतकरी अजिबात नव्हता असं नाही बरं का, ब्रूगेलनं १५६५ मधेच गव्हाची कापणी काढलेली आहे आणि झाडाखाली पाय पसरून झोपलेला दमलेला गडीसुद्धा, पण अशी चित्रं थोडी, आणि मानाच्या उतरंडीत खालच्या पायरीवरची.

खरी उलथापालथ झाली ती १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्समधे. कूर्बे नावाच्या चित्रकारानं १८४९ ला रस्त्याच्या कडेला गिट्टी फोडणारे दोघं काढले, एक म्हातारा, एक पोरगा, दोघांचीही तोंडं नीट दिसत नाहीत, फाटके कपडे तेवढे दिसतात. (ते चित्र १९४५ मधे दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं, आता फक्त फोटो उरले, याचं मला अजूनही वाईट वाटतं.) आणि मग १८५७ ला मिलेचं सरवा वेचणाऱ्या तीन बायांचं चित्र.

हे चित्र मोबाईलवर काढा आणि झूम करून पाहा. डावीकडची निळ्या फडक्यातली बाई पार वाकलेली, एक हात मागं पाठीवर, मधली लाल फडक्यातली तशीच वाकून जमिनीवरच्या लोंब्या उचलते आहे, तिसरी अर्धी वाकलेली. आपल्याकडं सोयाबीन निघाल्यावर उरलेल्या शेंगा वेचायला बाया शिवारात जातात ना, अगदी तीच पाठ, तोच वाक. आता नजर मागं न्या, लांब उन्हात गव्हाच्या मोठमोठ्या गंज्या, भरलेली गाडी, आणि उजव्या कोपऱ्यात घोड्यावर बसलेला एक माणूस, तो मुकादम. एवढासाच आहे तो पण सगळं पीक त्याच्या नजरेखाली आहे, आणि समोरच्या तिघींना फक्त सांडलेलं. मिले स्वतः नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याच्या घरचा, त्याला कोणाच्या पाठीला काय होते हे ठाऊक होतं. पॅरिसच्या पैसेवाल्यांना हे चित्र टोचलं, गरिबाला एवढं मोठेपण दिलं म्हणून त्यांना त्यात परत क्रांतीचा वास आला. माझ्या मते वास्तववाद समजायला हे एक चित्र पुरेसं आहे, व्याख्या लिहून घ्यायची गरजच नाही.

मग चित्रकार स्वतःच खोलीबाहेर पडला, आणि त्यामागं एक साधी वस्तू आहे, रंगाची ट्यूब. आधी रंग घोटून डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवावा लागे, १८४१ मधे जॉन गॉफ रँडनं टिनाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि रंग खिशात घालून शेतात जाता येऊ लागलं. फ्रान्सचा चित्रकार मोने जिव्हेर्नी गावाला राहायचा, घराजवळच्या शेतात न मळलेल्या गव्हाच्या गंज्या, त्याच त्यानं १८९० आणि ९१ मधे पंचवीसेक वेळा काढल्या, सकाळी, सांजेला, बर्फात, धुक्यात. गंजी तीच, उजेड बदलला की चित्र बदललं, हाच दृक्प्रत्ययवाद. त्यातली एक २०१९ ला न्यूयॉर्कच्या लिलावात ११ कोटी डॉलरच्या वर गेली. ज्यानं सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली झाकून रात्र रात्र आभाळाकडं पाह्यलं आहे त्याला त्या गंजीत उजेडाशिवाय अजून लय काही दिसते, आणि ते दिसणं चूक नाही असं मी पोरांना मुद्दाम सांगतो.

पुढची गोष्ट तर अजून भारी. १८९६ मधे मॉस्कोच्या प्रदर्शनात कांडिन्स्कीनं यातलीच एक गंजी पाह्यली, त्याला ती गंजी आहे हे ओळखूच आलं नाही, कॅटलॉग वाचून कळलं, आणि तरी चित्र डोक्यातून जाईना. वस्तू नसली तरी चित्र उभं राहू शकते हा विचार तिथून त्याच्या मनात रुजला, कायद्याचं शिक्षण घेतलेला हा माणूस सगळं सोडून म्युनिकला चित्रकला शिकायला गेला आणि पुढं अमूर्त चित्रकलेचा एक पाया त्यानं घातला. घनवाद, अतिवास्तववाद वगैरे मी पोरांकडून भराभर करून घेतो, ते पुस्तकात नीट आहे.

जे नीट नाही ते आपलं. अजिंठ्याच्या सोळा नंबरच्या लेणीतल्या शिलालेखात लिहिलं आहे की ती वराहदेवानं दान दिली, आणि हा वराहदेव मंत्री होता वाकाटक राजा हरिषेणाचा, ज्याची शाखा वत्सगुल्माची, म्हणजे आपल्या वाशिमची! पाचवं शतक, तिकडं पश्चिमेचं रोमन साम्राज्य कोसळत होतं तेव्हा इकडं मातीत तूस आणि झाडाचे धागे कालवून भिंती लिंपणं चालू होतं, वरून चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. इटलीचा चित्रकार जोत्तो, त्यानं पाडुआचं चॅपेल रंगवलं ते १३०५ च्या आसपास, म्हणजे आठशे वर्षांनी, आणि ते ओल्या चुन्यावर. अजिंठ्याच्या भिंतींवर राजेराण्या आहेत तशा दासी, व्यापारी, भिक्षू, हत्ती, माकडंही आहेत. वाशिम जिल्ह्यातल्या पोराला जोत्तो पाठ असते आणि वराहदेव माहीत नसते हे मला सहन होत नाही, म्हणून आमच्या पोरांचा पहिला धडा आता सोळा नंबरच्या लेणीचा, मिले आणि मोने त्यानंतर.