उतारू

माझं ऑफिस बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे, तेवीस वर्षं झाली. जिना उतरून बाहेर पडलं की डाव्या हाताला चहाची टपरी आणि तिथून चार मिनिटांवर ग्रीन गेट. पावसाळा सरला की एखाद्या सकाळी झाडांच्या शेंड्यांवर एक पांढरी इमारत जास्तीची दिसायला लागते. काल नव्हती, आज आहे, गॅलऱ्याबिलऱ्यांसकट. ती बोट असते. संध्याकाळी निघायच्या वेळी पाहावं तर जागा रिकामी.

अशा दिवशी आमच्या भागात छातीवर नंबराचा स्टिकर लावलेली गोरी म्हातारी माणसं दिसतात. पुढे गाइड, त्याच्या हातात काठीला लावलेला तोच नंबर, आणि मागे ही सगळी, शाळेच्या सहलीसारखी. त्यांचा दिवस मला पाठ आहे. गेटवे, सीएसएमटी समोरच्या फुटपाथवरून, महालक्ष्मीचा धोबीघाट, गावदेवीचं मणिभवन, हँगिंग गार्डन, आणि वेळेचं गणित जमलंच तर साडेअकराला चर्चगेटबाहेर डबेवाले. बोट सोमवारी लागली तर बिचाऱ्यांचं घारापुरी हुकतं, सोमवारी लेणी बंद असतात. पाचच्या आत परत बोटीवर. त्यांच्या बसेस परतताना दिसल्या की टपरीवर आमचं ठरलेलं वाक्य: ‘‘झाली यांची मुंबई बघून!’’ मी या शहरात जन्मले, वाढले, आणि मणिभवन अजून आतून पाहिलेलं नाही. पण ते सोडा.

तसं बघायला गेलं तर आमच्या भागाला अशा घाईच्या पाहुण्यांची सवय जुनीच. इथे धक्क्यालगत बॅलार्ड पियर मोल नावाचं स्टेशन होतं. विलायतेची बोट लागली की साहेब लोक बोटीतून उतरून जवळजवळ तसेच आगगाडीत चढायचे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल त्यांना इथून उचलून थेट पेशावरला नेत असे. म्हणजे मुंबई त्यांच्या वाट्याला किती आली, तर हमाल, सामान आणि उकाडा. स्टिकरवाल्यांना निदान धोबीघाट तरी मिळतो.

तर अशी सगळी टिंगल करून झाल्यावर गेल्या हिवाळ्यात मी स्वतः छातीवर स्टिकर लावून घेतला. नंबर नऊ.

निमित्त आईच्या पंचाहत्तरीचं. काय हवं विचारलं तर म्हणाली, ‘‘बोटीत बसव.’’ आई मालवणची. लहानपणी दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावाला जायची आणि पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत परत. डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची, कोपऱ्यात कोंबड्यांची पाटी, शेजारच्या बाईने दिलेलं लिंबू हुंगत रात्र काढायची. मराठीत गाडी लागते तशी बोटही लागते. आईच्या मते माणसाची खरी ओळख बोट लागल्यावर होते. मालवणला बोट धक्क्याला येतच नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. हलत्या बोटीच्या शिडीवरून हलत्या पडावात उतरायचं. खलाशी पोरांना बखोटीला धरून खाली द्यायचा आणि खालचा तांडेल झेलायचा. ‘‘माझी एक चप्पल अजून तिथे समुद्रात आहे,’’ असं ती दरवेळी सांगते. ही गोष्ट सांगून झाली की तिचा चेहरा दहा वर्षांची पोर असल्यासारखा होतो, म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा सांगायला लावतो.

त्या बोटी बंद होऊन जमाना झाला. आता मिळते ती क्रूझ. संध्याकाळी बॅलार्ड पियरवरून निघायचं, एक रात्र समुद्रात, दुसरा दिवस गोव्यात मुरगावला, संध्याकाळी पुन्हा बोटीवर आणि तिसऱ्या सकाळी मुंबई. आई टर्मिनलवर व्हीलचेअरला ठाम नकार देऊन चालत आली, आतला संगमरवर बघितला, काचेची लिफ्ट बघितली आणि म्हणाली, ‘‘ही बोट हलते तरी का?’’

जेमतेम हलते. तो एक निराशेचा भागच होता तिच्यासाठी. जेवणाबद्दल फार लिहीत नाही, लग्नाच्या हॉलमध्ये तीनशे माणसांत बुफेला उभं राहिल्याचा अनुभव सगळ्यांनाच आहे. संगीतही तसंच. आई मात्र नऊ वाजता शाल घेऊन वरच्या डेकवर गेली आणि डाव्या बाजूची खुर्ची धरून बसली. दक्षिणेला निघालेल्या बोटीचा किनारा डाव्या हाताला, हे तिला साठ वर्षांनंतरही ठाऊक. खांदेरीचा दिवा तोवर मागे पडला होता. मी दोनदा बोलवायला गेले. दोन्ही वेळा ती म्हणाली, ‘‘तू झोप. मालवण आलं की उठवते.’’ बोट एवढ्या बाहेरून जाते की मालवण दिसणं शक्यच नाही, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते माझ्याआधी कळलं असणार.

सकाळी मुरगाव बंदर. खाली क्रेन, काळ्या कोळशाचे ढीग आणि एक पांढरी बस. बंदरात पायी फिरू देत नाहीत, त्यामुळे फाटकापर्यंतसुद्धा बसनेच जायचं. त्या बसचा हा स्टिकर. आमच्या बोटीतले बहुतेक सगळे जुन्या गोव्याची चर्चेस, मंगेशी आणि पणजी अशा टूरवर निघाले होते. नवऱ्याने कागदावर हिशोब मांडला: एक तास जायला, एक यायला, मध्ये चार ठिकाणं, साडेचारला बोटीवर हजर. आईने तो कागद वाचला, गुडघ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘‘इथे जवळ गाव नाही का?’’

आहे की. वास्को. फाटकावरून टॅक्सीने दहा मिनिटं. टॅक्सीवाल्याला खरंच वाटेना. ‘‘फक्त वास्को? पणजी नको? बीच नको?’’ त्याने हळहळून भाडं सांगितलं.

या गावाची मला गंमत वाटते. १६८३ साली संभाजीराजांनी पोर्तुगिजांना असा काही दम भरला की त्यांच्या व्हाइसरॉयने राजधानी जुन्या गोव्यातून उचलून मुरगावला न्यायचा हुकूम काढला. बांधकामंसुद्धा सुरू झाली होती. मग ते बारगळलं, आणि पुढे १८४३ साली राजधानीचा मान मिळाला तो पणजीला. शेजारच्या वास्कोला नाव मिळालं एका उताऱ्याचं, तोही बोटीनेच आलेला. वास्को द गामा १५२४ साली कोचीला वारला आणि त्याच्या अस्थी मायदेशी गेल्या १५३९ साली. परतीची बोट पंधरा वर्षं उशिरा, पण मिळाली. मी हे टॅक्सीत मोठ्याने सांगत होते. आई म्हणाली, ‘‘म्हणजे आपल्या राजांमुळे हे पुणं-मुंबई झालं असतं. थोडक्यात वाचलं.’’

गावात उतरलो तेव्हा नऊ वाजले होते आणि आमच्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. बघण्यासारखं म्हणावं तर तेही फार नव्हतं. एका हॉटेलात पातळभाजी-पाव आणि बन्स खाल्ले, बन्स अजून गरम होते. चहा प्यायलो. मग नवऱ्याने हनुवटी चोळली आणि म्हणाला, ‘‘दाढी करून येतो.’’ बोटीवरच्या गडबडीत राहिली होती. आम्ही दोघीही मागोमाग सलूनमध्ये जाऊन बाकावर बसलो, कारण तिथे पंखा होता.

तो अर्धा तास माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सलूनवाल्याने ब्लेड कागदासकट मधोमध मोडलं, अर्धं वस्तऱ्यात सरकवलं, उरलेलं अर्धं आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून नवऱ्याच्या खांद्यावर टाकली आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर फेस त्या पट्टीवर पुसायला लागला. फेसाखाली कोणाच्या तरी पुण्यतिथीची जाहिरात हळूहळू बुजत चालली होती. मध्येच त्याची नजर स्टिकरवर गेली.

‘‘बोटीवरचे?’’

‘‘हो.’’

वस्तरा हवेत थांबला. ‘‘बोटीवरचं माणूस आजवर आलं नाही इथे. सगळे पणजीला जातात.’’ थोडा विचार करून, ‘‘बोटीत दाढीची सोय नाही?’’

‘‘आहे. पण तिथल्या पैशांत तुमच्याकडे महिनाभर होईल.’’

तो एवढा खूश झाला की तुरटी दोनदा फिरवली आणि मानेचं मालिश न सांगता. मग आईला विचारलं, कुठल्या? मालवणच्या म्हटल्यावर त्याने बाकाखालचं स्टूल ओढून तिला पाय ठेवायला दिलं. आधीपासून बसलेले दोघे गिऱ्हाईक आमच्याकडे वळले आणि बोट रात्री किती हलते, आत स्वैपाक कोण करतं, एका खोलीचं किती घेतात, याची सविस्तर चौकशी झाली. मुंबईत तेवीस वर्षांत मी एकाही स्टिकरवाल्याला यातलं काही विचारलेलं नाही. विचारावंसं वाटलं नाही, हे जास्त खरं.

तिथून मासळी बाजार. हे आईचं खरं देवदर्शन. बांगडे, तारले, सुंगटं, आणि एका कोळणीपुढे पाटावर आडवी पडलेली, रुपेरी पाठीची, हातभर लांब इसवण. आई थांबली. वाकली. कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिला, पोटावर अंगठा दाबून सोडला, मांस लगेच वर आलं.

‘‘गे बाय, कशी दिलंस?’’

‘‘मावशे, पळय, ताजी आसा.’’ आणि भाव.

आईने निम्मा सांगितला. ती हसली, आई दोन पावलं पुढे गेली, तिने हाक मारली, आई परत आली. मालवणी एका बाजूने, कोंकणी दुसऱ्या बाजूने, दोघींचं छान चाललं होतं. मी घड्याळात पाहिलं तर पंधरा मिनिटं झाली होती. शेवटी भाव जुळला, तिने कोयता उचलला आणि विचारलं, ‘‘कापूं?’’

आई भानावर आली. ‘‘नको गो. माका बोटीर जावचा आसा.’’

कोयता हातात धरून ती आईकडे पाहतच राहिली. ‘‘मागीर भाव कित्याक करता?’’

‘‘सवय गो,’’ आई म्हणाली. आणि मग त्या दोघी जे हसायला लागल्या, की शेजारची सुंगटंवालीही आपल्याला काय झालं ते न कळून हसायला लागली. रिकाम्या हाताने निघणं बरं दिसेना, म्हणून तिच्याच मागे बसलेल्या म्हातारीकडून आईने पावभर सोलं घेतली. काळीभोर, ओलसर, मीठ लागलेली.

दामोदराच्या देवळातही गेलो. इथला सप्ताह प्रसिद्ध आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी साथीने माणसं मरत होती तेव्हा गावकऱ्यांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथला नारळ आणून इथे ठेवला आणि अखंड भजन सुरू केलं, असं सांगतात. श्रावणात होतो. नाव सप्ताह, पण भजन चोवीस तासांचं. आम्हाला त्यातलं काहीच मिळालं नाही. दुपारची वेळ, गार फरशी, कोपऱ्यात एक मुलगा शाळेचं दप्तर उशाला घेऊन झोपलेला. आई खांबाला टेकून बसली आणि तिचाही डोळा लागला. नवऱ्याने तिचा फोटो काढला. आमच्या गोव्याच्या फोटोंमध्ये समुद्र असलेला एकही नाही.

दीड वाजता ती दचकून उठली. ‘‘किती वाजले? बोट कोणासाठी थांबत नाही हां!’’ साडेचारच्या बोटीसाठी आम्ही पावणेतीनला फाटकावर. तिथल्या जवानाने सामान तपासताना सोलांची पुडी उघडली. ‘‘ये क्या है?’’

‘‘आमसूल,’’ आई म्हणाली. तो अजून बघतच होता, म्हणून तिने त्यातलं एक सोल काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने घेतलं नाही. पण पुडी बांधून परत दिली, गाठ आधीपेक्षा घट्ट.

मग आम्ही वरच्या कठड्याला टेकून इतरांना परतताना पाहत बसलो. टूरच्या बसेस वेळेवर आल्या. आपापल्या टॅक्सीने पणजीला गेलेली काही मंडळी मात्र चार पंचवीसला धापा टाकत धक्क्यावरून पळत येताना दिसली, हातात काजूच्या पिशव्या, एकाची टोपी वाटेत पडली ती त्याने उचललीसुद्धा नाही. डेकवरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. आईनेही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

त्या रात्री तिने उजव्या बाजूची खुर्ची धरली. या वेळी बोलवायला मी गेले नाही.

सकाळी उठलो तर बोट बंदरात शिरत होती. मुंबई मी विमानातून पाहिली आहे, लोकलच्या दारातून तर रोजच, पण अशी पाण्याकडून, पहाटेच्या धुरकटात, सावकाश मोठी होत जाणारी कधी पाहिली नव्हती. गेटवेची कमान दिसली. क्रेन दिसल्या. आमच्या ऑफिसची गच्ची शोधायचा प्रयत्न केला, सापडली नाही. तेवढ्यात भोंग्यातून एक बाई अतिशय गोड इंग्रजीत बोलली: सुप्रभात, मुंबईत आपलं स्वागत आहे, बाहेरचं तापमान इतकं इतकं.

आई शालीतून बाहेर आली. तिच्या ब्लाउजवर कालचा नऊ नंबर अजून तसाच होता, एक कोपरा सुटलेला. तिने डोळे बारीक करून समोरच्या शहराकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘‘इथे किती वाजेपर्यंत परत यायचंय?’’