घाटातला फोटो

रात्री साडेदहाला मुलाचा मेसेज आला. "आई, हे काय?" आणि खाली एक स्क्रीनशॉट. आमच्या गाडीचा नंबर, वेगमर्यादेचं उल्लंघन, दंड 2000 रुपये, शेवटी एक लिंक.

मी आधी त्याला फोन लावला आणि लिंकला हात लावू नकोस म्हणून बजावलं. आमच्या शाळेतल्या एका बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर अशीच चलानची फाइल आली होती. एपीके फाइल, म्हणजे उघडली की मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी. त्यांनी घाबरून ती उघडली आणि खात्यातले पैसे गेले. तेव्हापासून मी ठरवलंय, अशा कुठल्याही मेसेजमधून आत शिरायचंच नाही. खरं असेल तर सरकारी साइटवर दिसेल. मग कपाटातून आरसी काढली, महाट्रॅफिकचं सरकारी पान स्वतः टाइप करून उघडलं, गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे घातले.

चलान खरं होतं.

3 नोव्हेंबर 2024, सकाळी 6 वाजून 34 मिनिटं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, घाटाचा भाग, मुंबईकडे जाणारी बाजू. मर्यादा 60. नोंदलेला वेग 83.

मी सहा वर्षं गाडी चालवते. चाळिशीत शिकले. या सहा वर्षांत ना कुठे घासली, ना सिग्नल तोडला, ना कुणा पोलिसाने बाजूला घेतलं. घरात सगळे म्हणतात की आई सावकाश चालवते, आणि मलाही तसंच वाटायचं. त्यामुळे तो 83 आकडा मी पुन:पुन्हा बघत बसले. दुसऱ्या कुणाच्या गाडीचा चुकून आपल्या नावावर पडला असेल, असं मनात येऊन गेलं. असे प्रकार होतात, नंबर प्लेट नीट वाचली गेली नाही की होतं. म्हणून फोटो उघडला.

फोटो समोरून, वरच्या कमानीवरून काढलेला. उजाडायच्या आधीचा, त्यामुळे रंग जवळजवळ नाहीतच. बॉनेटवर उजव्या बाजूला आमच्या गाडीचा तो छोटा पोचा, पार्किंगमध्ये कुणीतरी मारून गेलेला. काचेआड मी, चेहरा ओळखू येत नाही, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर. शेजारी पांढरी टोपी. आबा. त्यांचा एक हात वर गेलेला, दरवाज्याच्या वरच्या कडीला धरलेला.

ती कडी मी मोठी करून बघितली. आबांची मूठ घट्ट आवळलेली होती.

आबा म्हणजे माझे सासरे. सातारा डेपोला एसटीचे ड्रायव्हर होते, 27 वर्षं. त्यातली बरीच वर्षं सातारा-मुंबई गाडीवर. विनाअपघात सेवेचं प्रशस्तिपत्र आमच्या पुढच्या खोलीत अजून लावलेलं आहे. त्या दिवशी भाऊबीज होती. आबांच्या थोरल्या बहिणीला, डोंबिवलीच्या आत्यांना आता प्रवास झेपत नाही, म्हणून आबांनाच ओवाळून घ्यायला तिकडे न्यायचं ठरलं. आमच्या ह्यांची कंपनीत रात्रपाळी होती. मीच म्हटलं, मी नेते. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी वाढायच्या आत घाट उतरून जाऊ म्हणून पावणेसहाला चिंचवडहून निघालो. किवळ्याला एक्सप्रेसवेला लागलो. रस्ता मोकळा होता, हवा गार होती, आबा आत्यांसाठी घेतलेला लाडवांचा डबा मांडीवर धरून बसले होते.

लोणावळ्यापर्यंत मर्यादा 100 ची आहे. मी नव्वदच्या आसपास होते. खंडाळ्याच्या बोगद्यातून बाहेर पडलं की पूर्वी अमृतांजन पूल लागायचा, 1830 सालचा. लॉकडाऊनमध्ये, एप्रिल 2020 ला पाडला. तिथून खाली अडोशी बोगदा आणि मग खोपोली, हा सगळा उतार. साठचे बोर्ड आहेत, मोठे आहेत, मी ते पाहिलेही होते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय मी उचलला होता, हे मला पक्कं आठवतं. माझ्या लेखी मी गाडी हळू केली होती.

इथेच चूक झाली, आणि ती नेमकी काय झाली हे कळायला मला आबांजवळ बसावं लागलं.

त्याआधी घरात बाकीच्यांची मतं ऐकून झाली. हे म्हणाले, कॅमेऱ्याचं आणि आपल्या मीटरचं जमत नसेल, तक्रार टाक. पण गाडीचा मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, नियमच तसा आहे. उलट थोडा जास्तच दाखवतो. म्हणजे कॅमेऱ्यात 83 असेल तर माझ्यासमोरचा काटा त्याच्याही पुढे होता. माझा भाऊ म्हणाला, "ताई, लगेच भरू नकोस गं. लोकअदालतीत निम्म्यात मिटतं. लोकांची वीस-वीस चलानं पडून असतात." तक्रार करायला महाट्रॅफिकच्या अ‍ॅपमध्ये जागा आहे, आणि खरंच चूक असेल तर जरूर करावी. केंद्राच्या 2021 च्या नियमांत कॅमेऱ्यांबद्दल बरंच लिहिलंय: आधी सूचनाफलक असला पाहिजे, उपकरण तपासून प्रमाणित केलेलं असलं पाहिजे, नोटीस 15 दिवसांत गेली पाहिजे, सोबत फोटो आणि मोजलेला आकडा असला पाहिजे. मी एकेक ताडून पाहिलं. सगळं होतं. माझ्याकडे तक्रार करायला काही नव्हतं, आणि पोचा असलेलं ते बॉनेट आमचंच होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर चहा घेऊन आबांजवळ बसले. फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, बराच वेळ बघितलं.

"आबा, तुम्हाला भीती वाटली होती का?"

"वाटली थोडी."

"मग बोलला का नाहीत?"

"चालवणाऱ्याला मधी बोलू नये, पोरी. बोललं की ध्यान हलतं. घाटात तर नाहीच."

एसटीत ड्रायव्हरच्या मागे लिहिलेलं असतं, 'चालकाशी बोलू नये'. 27 वर्षं आबा त्या पाटीपुढे बसले. माझ्या शेजारी बसल्यावरही त्यांनी ती पाळली, आणि कडी धरून गप्प राहिले. मला फार वाईट वाटलं. दंडापेक्षा कितीतरी जास्त.

मग त्यांनी विचारलं, "तुझी गाडी कुठल्या गिअरला होती?"

मला सांगता येईना. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे, क्लच नाही. डी वर टाकली की ती आपली आपण गिअर बदलते. आबांना हे माहीत होतं, पण त्यांना ते माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. त्यांनी सांगितलं ते असं. उतारावर पाय काढला की सपाटीवर गाडी जशी मंदावते तशी मंदावत नाही. घाट तिला ओढतो. साध्या गाडीत गिअर खालचा टाकला की इंजिन तिला धरून ठेवतं. त्यांच्या वेळचा नियम होता, ज्या गिअरला घाट चढायचा त्याच गिअरला उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून गाडी सोडणारे ड्रायव्हर त्यांनी पाहिलेत. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो, लायनर जळाल्याचा वास सुटतो, आणि खाली खोपोलीच्या वळणावर पाय आत जातो पण गाडी थांबत नाही. हे सांगताना त्यांनी दोन-तीन माणसांची नावं घेतली. ती मी इथे लिहीत नाही. जुन्या रस्त्याने उतरताना शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकायचं आणि तिथून पुढे गिअरला हात लावायचा नाही, असं ते म्हणाले.

"तुझ्या गाडीला ते यम आहे का, हाताने गिअर टाकायचं?"

आहे. गिअरच्या दांडीवर डी च्या बाजूला एम लिहिलेलं आहे, दांडी तिकडे सरकवून पुढे-मागे केली की हाताने गिअर बदलता येतो. सहा वर्षांत मी तिकडे कधी वळले नव्हते. शिकवणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं. क्लासच्या गाड्या सपाट रस्त्यावर फिरतात. म्हणजे त्या सकाळी मी पाय उचलला, डी मधल्या गाडीने वरचाच गिअर धरून ठेवला, इंजिनाने तिला अडवलं नाही, आणि ती आपली ओघळत गेली. मी ब्रेक लावायला हवा होता, त्याआधी गिअर उतरवायला हवा होता. शिवाय अर्धा तास नव्वदने आल्यावर ऐंशी डोळ्यांना हळूच वाटतं. काच बंद, रस्ता गुळगुळीत, आजूबाजूला गाडी नाही. अंगाला काहीच जाणवलं नाही.

मी नववीला विज्ञान शिकवते. पहिला धडा गतीचे नियम, दुसरा कार्य आणि ऊर्जा. पहिल्या सत्रातच शिकवून झालेले. त्या आठवड्यात एका मोकळ्या तासाला फळ्यावर दोनच आकडे लिहिले, 60 आणि 83, आणि मुलांना म्हटलं, मीटर प्रति सेकंदात काढा. 16.7 आणि 23. आमची वर्गखोली साधारण साडेसात मीटर लांब आहे. म्हणजे डोळ्याला समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी तीन वर्गखोल्या ओलांडून जाते. मग 60 आणि 83 या आकड्यांचा वर्ग करायला सांगितला. 3600 आणि 6889. गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट, म्हणून ब्रेक लागल्यानंतर थांबायचं अंतरही जवळजवळ दुप्पट, आणि तेही सपाट रस्त्यावर. मुलं आकडा बघून गप्प झाली. वेग दीडपटही नाही आणि हे दुप्पट, हे त्यांना पटायला वेळ लागला. मी सांगितलं की हा माझ्याच गाडीचा आकडा आहे. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्हाला कळलं नाही का?"

"नाही कळलं," मी म्हटलं. तिने ते वहीत लिहून घेतलं की काय कोण जाणे, पण मान खाली घालून काहीतरी लिहिलं खरं.

दंड मी मेसेज आला त्याच रात्री भरला होता. यूपीआयने, दोन मिनिटं लागली. भावाचं म्हणणं मला पटलं नाही. चूक माझी असताना ती निम्म्यात मिटवायची वाट बघत महिनोन् महिने बसायचं, हे मला जमणार नव्हतं. पावती छापून आरसीच्या पाकिटात ठेवली आहे.

एक काम मात्र सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. चलान मुलाच्या मोबाइलवर गेलं, कारण गाडी घेताना ह्यांचा जुना नंबर नोंदवला होता आणि ते सिम आता मुलाकडे, नाशिकच्या हॉस्टेलला आहे. मुलाने बघितलं म्हणून कळलं. कितीतरी गाड्यांना शोरूममधल्या माणसाचा किंवा एजंटाचा नंबर लागलेला असतो आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ताच नसतो. परिवहनच्या साइटवर चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख घालून आपला नंबर बदलून घेता येतो. मी घेतला. एक्सप्रेसवेवर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा जुलै 2024 पासून चालू आहे, आणि तिथे आता रस्त्यात कुणी थांबवून सांगत नाही. फक्त मेसेज येतो.

संक्रांतीनंतर पुन्हा डोंबिवलीला जायचं झालं. आत्यांना तिळगूळ द्यायला, आबांसकट. यावेळी सकाळी आठला निघालो. त्याआधी दोन रविवार मी घराजवळच्या उड्डाणपुलाच्या उतारावर एम चा सराव केला होता. खंडाळ्याच्या बोगद्यात शिरण्याआधीच ब्रेक लावून साठच्या आत आले, दांडी डी वरून एम कडे सरकवली आणि तिसरा टाकला. इंजिनाचा आवाज चढला. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मला गाडी बिघडल्यासारखं वाटलं होतं, आता त्याचं काही वाटलं नाही. काटा 55 आणि 58 च्या मध्ये राहिला. मागून एक पांढरी गाडी दिवे मारत होती, ती शेवटी बाजूच्या लेनने निघून गेली.

आबांनी निघताना पिशवीत संत्री घेतली होती. अमृतांजनच्या जागेपाशी त्यांनी एक सोलायला घेतलं. साल अखंड काढायची त्यांची सवय आहे, दोन्ही हातांनी, हळूहळू. गाडीत वास भरला. ती साल पुरती निघाली तेव्हा अडोशी बोगदा मागे पडला होता, आणि खालापूरच्या टोलनाक्याला वेग उतरला तेव्हा त्यांनी बिया काढलेली एक फोड माझ्या हातात ठेवली.